वाळू कुठं गेली?

अण्णा गेला त्या सकाळी मला फोन ऐकू आला नाही. कबनूरात आमचं घर मागांच्या शेडला लागूनच आहे, आणि एकदा माग सुरू झाले की घरातल्या घरातसुद्धा ओरडूनच बोलावं लागतं. शाळेची पिशवी भरता भरता सहज बघितलं, तर वैनीचे चार फोन येऊन गेले होते. मागच्या अंगणात गेले, एका कानात बोट घातलं आणि फोन लावला. वैनी रडत नव्हती. "विमल, हे गेलं गं," एवढंच म्हणाली... श्रावणातला दिवस होता तो. आता दोन महिने होत आले. भेटणारे म्हणतात, बाई, जरा शांत झालात की भावावर काहीतरी लिहा. मी शांत झालेली नाही, आणि शांत होऊन लिहायचं ठरवलं असतं तर हे कधीच लिहून झालं नसतं. रागातच बसले आहे लिहायला. ज्या एका माणसानं हे वाचावं असं मला वाटतं, त्याचं नाव संपादक छापू देत नाहीत. हरकत नाही. शिरोली एमआयडीसीतल्या चहाच्या गाड्यावर हा कागद पोचला की नाव आपोआप निघेल.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ बाळगोंडा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमच्या वडिलांचा थोडा ऊस असायचा आणि तो दरवर्षी गावच्या गुऱ्हाळावर जायचा. एका वर्षी, अण्णा दहा-अकरा वर्षांचा असेल, काहिलीत रस ओतल्यापासून गुळाच्या ढेपा बाहेर निघेपर्यंत तो तिथून हलला नाही. मग वडिलांना म्हणाला, "एवढा काहीलभर रस आणि ढेपा चारच? बाकीचं कुठं गेलं?" वडील म्हणाले, "वाफ झाली की." "मग वाफ कुठं गेली?" "आभाळात." अण्णानं वर बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "म्हंजे हाय की अजून." गुळव्यासकट सगळे हसले, पण हा हसला नाही. पुढं नववीत द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम शिकला, काहीही नष्ट होत नाही, फक्त रूप आणि जागा बदलते, तेव्हा घरी येऊन तक्रारीच्या सुरात म्हणाला होता, "हे तर मला ठावं हुतं, ह्यात शिकवायचं काय?" घरात कुणी 'संपलं' म्हटलेलं त्याला खपायचं नाही. वैनी नवी नवरी होऊन आली, आणि पहिल्याच आठवड्यात "रॉकेल संपलं" म्हणाली, तर हा म्हणाला, "संपत कायबी न्हाई. गेलं म्हण, आणि कुठं गेलं ते बघ." नवी नवरी बिचारी! तिला वाटलं आपल्यावर रॉकेल सांडल्याचा आळ आला. आईनं पदराखाली घेऊन तिला समजावलं की ह्याचं डोकं असंच आहे, वाईट नाही.

वाईट नव्हताच, पण आडमुठा होता. बाजारात वजनावरून भांडायचा, लग्नात जेवण वाया गेलेलं बघून यजमानालाच सुनवायचा. वारणानगरला राहून बीएस्सी झाला आणि शिरोलीतल्या एका फाउंड्रीत वाळूच्या प्रयोगशाळेत लागला. तिथलं काम सांगायला सोपं आहे. वाळूचे साचे करायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, थंड झालं की साचा फोडून लोखंडाचा भाग बाहेर काढायचा, आणि वाळू पुन्हा वापरायची. साचे फोडतात त्या जागेला तिथले लोक शेकआउट म्हणतात. लोखंडाच्या उष्णतेनं आणि आपटण्यानं वाळूचा काही भाग पिठासारखा बारीक होतो. ते पीठ हवेत उडतं. ते ओढून घ्यायला वर मोठे पंखे असतात, आणि पंख्यांना जोडलेल्या कापडी पिशव्यांत ती धूळ गोळा होते. अण्णाचं काम वाळू तपासायचं, आणि महिन्याच्या शेवटी वजनाचा मेळ घालायचं : नवी वाळू किती आत आली, टाकाऊ किती बाहेर गेली, पिशव्यांत धूळ किती सापडली. हा मेळ बसला की तो खूश. इतर लोक पगाराच्या दिवशी असतात तसा खूश.

मालक आमच्याच जैन समाजातले. घरी येणं-जाणं होतं, लग्नाकार्यात भेट व्हायची. काही वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात वीज वाचवायचं आलं. वाचवावी, कोण नको म्हणतं? पण त्यांनी वाचवली ती शेकआउटचे पंखे बंद करून. लोखंड वितळवायची भट्टी बंद ठेवता येत नाही, कॉम्प्रेसर बंद ठेवता येत नाही. पंखा बंद ठेवला तर उत्पादन एका नगानंही कमी होत नाही. त्या वर्षी कारखान्याला ऊर्जा बचतीचं बक्षीस मिळालं. ढाल घेतानाचा मालकांचा फोटो पेपरात आला, आणि तो कापून मी... होय, मीच... शाळेच्या फलकावर लावला. कारण मी ज्या हायस्कुलात विज्ञान शिकवते तिथली प्रयोगशाळा ह्याच माणसानं त्याच वर्षी बांधून दिलेली आहे. दारावर त्यांच्या वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे.

पंखे बंद झाले त्याच महिन्यात अण्णाचा मेळ बसला नाही. पुढच्या महिन्यात आणखी बसला नाही. आत आलेली वाळू बाहेर गेलेल्यापेक्षा जास्त, आणि पिशव्या रिकाम्या. त्यानं चिठ्ठी लिहून ऑफिसात दिली, पोच घेतली. मालकांनी बोलावलं. हा प्रसंग त्यानं मला इतक्या वेळा सांगितला आहे की मीच तिथं उभी असल्यासारखा आठवतो. मालक म्हणाले, "बाळगोंडा, वाऱ्यानं गेली असंल." अण्णा म्हणाला, "मालक, वारा बंद हाय म्हणूनच तर विचारतोय." मालक हसले. अण्णा पुढं म्हणाला, "तुमी ऊर्जा वाचवली न्हाई. पंख्यानं करायचं काम माणसांच्या छातीवर टाकलंय. वाळू हाय तितकीच हाय. पिशवीत न्हाई म्हंजे इस्माईलच्या छातीत हाय." इस्माईलभाई शेकआउटवरचा सगळ्यात जुना माणूस, तेव्हा नुकता खोकायला लागला होता. मालकांचं हसणं थांबलं. "तुला वाळू कुठं जाती त्याची लई काळजी हाय न्हवं?" ते म्हणाले. "मग तिथंच उभा राहून बघ."

दुसऱ्या दिवसापासून अण्णाची बदली शेकआउटवर. बीएस्सी झालेला माणूस, पन्नाशी उलटलेली, हातात लोखंडी आकडा घेऊन साचे फोडायला. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, सोड ती नोकरी. वैनीनं तर देवापुढं बसून शपथ घातली. तो म्हणाला, "मी सुटलो तर वही कोण लिवणार?" तोंडाच्या उंचीवर, खांबांना तारेनं अडकवून, त्यानं जर्मलच्या लहान ताटल्या टांगल्या होत्या. दर शनिवारी त्यांत साठलेली धूळ पुड्यांत घालून जुन्या सहकाऱ्याकरवी प्रयोगशाळेच्या काट्यावर वजन करून घ्यायचा, आणि वहीत उतरवायचा. शेजारी त्या आठवड्यात शेकआउटवर कोण कोण होतं त्यांची नावं. दर वेळी चिठ्ठी, दर वेळी ऑफिसची पोच. तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचा चौपदरी फडका बांधायचा. त्यातून काय थांबणार? संध्याकाळी तो फडका वैनी धुवायची तेव्हा बादलीच्या तळाला राखाडी थर बसायचा, आणि तो थरही हा वाळवून ठेवायचा.

मग खोकला. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत तिथले डॉक्टर म्हणाले, बिडी कमी करा. अण्णानं जन्मात बिडीला हात लावला नव्हता. पुढं दोन खासगी डॉक्टरांनी टीबी ठरवला, आणि महिनोन् महिने त्याच्या गोळ्या चालल्या. मीही दटावून दटावून त्या त्याला खायला लावल्या. "अण्णा, डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का?" असं मी त्याला म्हणाले आहे. शेवटी सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिनं छातीचा फोटो उजेडाकडं धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, काम काय करता?" इतक्या डॉक्टरांत हा प्रश्न विचारणारी ती पहिली. अण्णानं पिशवीतून वही काढली. ती बराच वेळ वाचत बसली, बाहेर रांग खोळंबली तरी. मग म्हणाली, "हा टीबी नाही. वाळूच्या धुळीनं फुफ्फुस दगडासारखं होतंय. गेलेलं परत आणायला औषध नाही." परत येताना रिक्षात अण्णानं वही पुन्हा पिशवीत घातली. घराजवळ आल्यावर म्हणाला, "मेळ बसला बघ, विमे."

मी त्याच्या मांडीवर हात ठेवला. राग आला नाही तेव्हा. तेव्हा यायला हवा होता.

कारण ह्या हकिकतीत मालकांपाठोपाठ माझा नंबर आहे, आणि ते लिहिल्याशिवाय मला दुसऱ्याकडं बोट दाखवता येणार नाही. गेल्या वर्षी भाऊबीजेला ओवाळायला गेले होते. ओवाळून झाल्यावर अण्णानं ती वही माझ्या ताटात ठेवली. "ओवाळणी हाय," म्हणाला. "तू शाळंची बाई हायेस, पेपरात तुझं छापून येतं. हे लिही. मी लिवलं तर कामावरनं काढलेल्याची चहाडी म्हणतील." तोवर त्याला आजारपणाचं कारण दाखवून कामावरून कमी केलं होतं. मी वही चाळली. मुख्याध्यापक व्हायची माझी पाळी आलेली होती, मालक शाळेच्या समितीवर होते. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी रिटायर होते, मग मोकळेपणानं लिहिते. एवढ्यात काय घाई?" त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, काट्यावर ठेवलेली वस्तू बघतात तसं. "पुढच्या वर्षी..." म्हणाला. "बरं." आणि वही परत उशाखाली ठेवली. अजून मी रिटायर झालेली नाही. मुख्याध्यापिकाही झालेली नाही, आणि हा लेख आल्यावर होणारही नाही. शाळेला जे करायचं ते करू दे.

जाण्याआधी महिनाभर त्यानं एक कागद लिहून ठेवला होता, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन. माझी छाती उघडून तपासावी, मगच दहन करावं. मी पोचले तेव्हा अंगणात भाऊबंद जमले होते, लाकडं आली होती, आणि थोरले चुलते कागद हातात घेऊन उभे होते. "आपल्या घरात मुंगी मारत न्हाईत, आणि मेलेल्या माणसाची चिरफाड करायची?" मी म्हणाले, "काका, जित्याची केली तवा कोण बोललं न्हाई." एकजण पुटपुटला, आत्म्याला त्रास होतो. मी म्हणाले, त्याच्या आत्म्याला आठ वर्षं श्वास मिळाला नाही, अजून दोन तास थांबेल तो. हे बोलताना माझा आवाज इतका चढला होता की शेजारच्या गच्चीवर बायका आल्या. मला आयुष्यात कुणी असं बोलताना ऐकलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा. वैनी आतून आली, डोक्यावरचा पदर सावरून चुलत्यांच्या हातातला कागद घेतला आणि माझ्याकडं दिला. बस्स. अण्णाला गाडीतून नेलं, आणि दुपारनंतर परत आणलं. चितेजवळ उभी असताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. लाकडं जळतील, हाडं ठिसूळ होतील, पण वाळू जळत नाही. वितळलेल्या लोखंडात जी जळली नाही, ती इथं काय जळणार?

भाद्रपदातलं पर्व सरलं आणि क्षमावणीचा दिवस आला. आमच्यात दशलक्षण पर्व झालं की एकमेकांच्या घरी जाऊन क्षमा मागतात, वर्षभरात कळत-नकळत काही दुखावलं असेल तर पोटात घ्या म्हणतात. चांगली चाल आहे ती, मी लहानपणापासून पाळलेली. त्या सकाळी मी वैनीकडं होते. दारात गाडी थांबली आणि मालक उतरले. पांढरे कपडे, हात जोडलेले. "उत्तम क्षमा, वैनी. उत्तम क्षमा, बाई. कळत-नकळत काही झालं असंल तर..."

मी म्हणाले, "कळत की नकळत? आधी ते ठरवा."

त्यांना कळलं नाही. मी आतून वही आणली, आणि पोचेच्या चिठ्ठ्या चिकटवलेली पानं एकेक करून त्यांच्यापुढं उलटली. प्रत्येक चिठ्ठीवर त्यांच्या ऑफिसचा शिक्का. "नकळतची क्षमा ह्यातल्या पहिल्या पानाआधीची मागा. पुढची सगळी कळत आहेत." ते म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेसाठी मी एवढं केलं..." मी म्हणाले, "पंखे बंद करूनच केलंत. त्या खोलीत मी मुलांना शिकवते की काहीच नाहीसं होत नाही. दर वेळी दारावरची तुमची पाटी बघत शिकवते. आता मुलांना उदाहरणही देईन." त्यांचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, तो उतरलेला बघून मला बरं वाटलं. इतकं बरं मला अण्णा गेल्यापासून वाटलं नव्हतं.

वैनीनं मात्र हात जोडले. "उत्तम क्षमा," म्हणाली, आणि आत निघून गेली. गाडी गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. तुझा नवरा खाल्ला त्यानं, आणि तू हात जोडतेस? ती भाकरीचं पीठ मळत होती, हात न थांबवता म्हणाली, "मी क्षमा केली ती माझ्या जिवासाठी. मला झोपायचं असतंय. तू केली न्हाईस तरी चालतंय. धर्माचं मी बघितलं, कोर्टाचं तू बघ."

तेच बघते आहे. छातीच्या तपासणीचा अहवाल आला, त्यात वाळूचे कण लिहिले आहेत, अगदी सरळ शब्दांत. तो अहवाल आणि वहीच्या प्रती मी कारखाने तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात स्वतः नेऊन दिल्या. दर मंगळवारी जाऊन बाकावर बसायचे, साहेब येईपर्यंत उठायचे नाही. शेवटी तपासणी झाली. मला आत जायची परवानगी नव्हती, पण इस्माईलभाईनं घरी येऊन सगळं सांगितलं. साहेबांनी सांगितलं, पंखे चालू करून दाखवा. मॅनेजर म्हणाला, दुरुस्तीला आहेत. तेव्हा इस्माईलभाई, जो आता दहा पावलं चालून थांबतो, तो सगळ्यांसमोर पुढं झाला. "साहेब, दुरुस्तीला कशाचं? मोटरच न्हाई वर. ती मालकांच्या मळ्यातल्या विहिरीवर बसलीया. मीच गाडीत चढवून दिलती." मालक तिथंच उभे होते, म्हणे. साहेबांनी मळ्यात जाऊन मोटरवरचा नंबर ताडून बघितला. तोच निघाला.

शेकआउटला सील लागलं आहे. तिथं काम केलेल्या सगळ्यांच्या छातीचे फोटो काढायचा हुकूम निघाला आहे, आणि नावांची यादी शोधावी लागली नाही, अण्णाच्या वहीत आठवड्यावार आहे. खटला उभा राहतोय. मला काही लोक सांगायला येतात, वय झालंय त्यांचं, सोडा आता. मी सोडणार नाही. त्यांचं वाईट व्हावं, त्यांनी मरावं, असं मला मुळीच वाटत नाही. त्यांनी भरपूर जगावं. निरोगी छातीनं जगावं, प्रत्येक तारखेला कोर्टाचा जिना चढावा, आणि इस्माईलभाई जिन्याच्या मधल्या पायरीवर दम घ्यायला बसला की त्याच्या शेजारून जावं. प्रत्येक तारखेला मी तिथं असेन.

परवा वैनीकडं दिवाळीचा रंग द्यायला माणूस आला होता. अण्णाच्या खोलीत शिरला आणि म्हणाला, "हितं डाग हाय ओ मोठा, पहिला घासायला लागंल." शेवटचं वर्षभर अण्णाला आडवं होता यायचं नाही. श्वास कोंडायचा. भिंतीला पाठ लावून, डोकं मागं टेकून तो बसून झोपायचा, आणि तिथं त्याच्या डोक्याच्या तेलाचा वाटोळा डाग पडला आहे. बसलेल्या माणसाच्या उंचीवर. रंगवाल्यानं पॉलिश पेपर हातात घेतलेला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, पावणं, सगळी खोली रंगवा, तेवढं सोडून. तो म्हणाला, "वाईट दिसंल की." मी म्हणाले, "दिसू दे."